माफ केलं की निर्दोष ठरवलं?

प्रश्न : आमच्या ऑफिसमधल्या एकावर पैशांच्या अफरातफरीचा आरोप झाला होता, चौकशीत काहीच निघालं नाही. आता नोटीस लागलीय त्यात 'माफ करण्यात येत आहे' असं लिहिलंय, त्याला ते फार लागलंय. साहेब म्हणतात अर्थ एकच. पेपरात तर दोषमुक्त, निर्दोष मुक्तता, क्लीन चिट सगळंच येतं. खरंच फरक आहे का?

उत्तर : आहे, आणि खूप मोठा आहे. त्याला लागलं ते बरोबरच लागलं. माफी चूक केलेल्याला मिळते, म्हणजे 'माफ केलं' म्हटलं की 'तू केलं होतंस' हे आधीच ठरवून टाकलं. राष्ट्रपती घटनेच्या कलम 72 खाली माफी देतात ती गुन्हा सिद्ध झालेल्याला, आणि माफीचा साक्षीदार म्हणतो तोही गुन्ह्यात सामील असलेलाच माणूस असतो ना.

निर्दोष मुक्तता म्हणजे खटला चालला, साक्षीपुरावे झाले आणि कोर्टाने सोडलं. मग ते संशयाचा फायदा देऊन असलं तरी कायद्याने तो निर्दोषच, लोक मात्र 'संशयाचा फायदा' ऐकलं की नाक मुरडतात ते मला अजिबात पटत नाही. आरोप निश्चित व्हायच्या आधीच, म्हणजे कोणत्या गुन्ह्याचा खटला चालवायचा हे ठरायच्या आधीच, कोर्टाने सोडलं तर तो डिस्चार्ज, वकील मंडळी हाच शब्द वापरतात. पेपरात दोन्हीला दोषमुक्त लिहितात आणि तिथेच घोळ होतो, कारण डिस्चार्जनंतर नवा पुरावा आला तर केस परत उभी राहू शकते, पण निर्दोष सुटल्यावर त्याच गुन्ह्याचा नवा खटला नाही, वरच्या कोर्टात अपील तेवढं होऊ शकतं. म्हणून बातमीत आरोपनिश्चिती झाली होती का ते आधी बघा.

क्लीन चिट हा कायद्यातला शब्दच नाही, तपासात काही सापडलं नाही एवढंच. जामिनावर आलेल्यालाही 'सुटला' म्हणतात, पण त्याची केस तशीच उभी असते.

आणि एक बारीक गोष्ट. दोषमुक्त कोणीतरी करावं लागतं, निर्दोष माणूस मुळातच असतो. तुमच्या सहकाऱ्याच्या नोटिशीत मी यातला एकही शब्द घालणार नाही, सरळ लिहा, 'चौकशीत आरोपात कोणतंही तथ्य आढळलं नाही'. साहेबांना हे दाखवा, जुनी नोटीस काढायला लावा आणि नवी त्याच बोर्डावर लावा.