वाचकांचे प्रश्न : सागाचा ओंडका घेताना

प्रश्न : दाराच्या चौकटींसाठी एका शेतकऱ्याकडून सागाचा ओंडका घेतो आहे. लांबी 10 फूट. गोलाई बुंध्याला 54 इंच, मध्यावर 48, शेंड्याला 42. विकणारा 12.66 घनफूट धरतो, आमचा सुतार 10 म्हणतो. बरोबर कोण?
— एक वाचक, यवतमाळ

उत्तर : सुतार. गोल लाकडाचा व्यवहार चौथाई गोलाईवर चालतो. इंचांतली गोलाई 4 ने भागायची, उत्तराचा वर्ग करायचा, त्याला फुटांतल्या लांबीने गुणायचे आणि 144 ने भागायचे. गोलाई मध्यावरची घ्यायची. 48 चे 12, त्याचा वर्ग 144, गुणिले 10, भागिले 144 : बरोबर 10 घनफूट. विकणाऱ्याने टेप बुंध्याला लावली आहे.

तो कदाचित म्हणेल, खरे लाकूड तेवढे आहेच. गंमत म्हणजे ते खोटे नाही. गोल दांड्याच्या भूमितीने या ओंडक्यात 12.73 घनफूट भरतात. चौथाई गोलाईचे सूत्र सुमारे साडेएकवीस टक्के कमीच दाखवते. पण बाजारातला भावही त्याच मापाला लावलेला असतो. माप एका पद्धतीचे आणि भाव दुसऱ्या पद्धतीचा, इथेच गिऱ्हाईक बुडते. म्हणून भाव विचारण्याआधी माप कसे घेतले ते विचारा.

साल काढली आहे का, हेही पाहा. साल अर्धा इंच जाड असेल तर गोलाई तीन इंचांनी घटते. 48 चे 45 होतात आणि 10 घनफुटांचे पावणेनऊ.

चिरल्यावर हातात काय येईल? कड, भुसा, टोके वजा जाता खऱ्या घनफळाच्या निम्मे ते साठ टक्के. तुमच्या ओंडक्यातून सातेक घनफूट. 7 बाय साडेतीन फुटांच्या, 5 बाय 3 इंची चौकटीला दोन उभ्या आणि एक आडवी मिळून 1.8 घनफूट लागतात, म्हणजे हिशेबाने तीन चौकटी. पण अडचण लांबीची आहे. 10 फुटांतून 7 फुटी उभी काढली की 3 फूट उरतात, आणि आडवीला साडेतीन हवेत. भाव तोच असेल तर 11 फुटी ओंडका शोधा. टोकाच्या चिरा छाटूनही दोन्ही लांब्या निघतात.

प्रश्न : ओंडक्याची दोन्ही टोके फाटलेली आहेत, एका टोकाला पोकळीही आहे. घ्यावा की सोडावा?

उत्तर : फाटणे एका प्रकारचे नसते. उन्हात पडलेल्या लाकडाच्या टोकाला बारीक चिरा पडतातच. दोनचार इंच छाटले की बहुतेक संपतात. केंद्रातून आरपार जाणारी मोठी चीर असेल तर दोन्ही टोके ताडून पाहा. दोन्हीकडे चीर उभी असेल तर मिलवाल्याला पहिला काप तिच्यातूनच घ्यायला सांगा, नुकसान थोडे. एकीकडे उभी आणि दुसरीकडे आडवी असेल तर ती आत पिळत गेली आहे आणि प्रत्येक फळी कुठेतरी तोडेल. असा ओंडका निम्म्या भावातही महाग. वलयाच्या कडेने गोल फिरणारी भेग त्याहून वाईट. फळ्या तिथून सुटतात.

पोकळीत सरळ सळई घालून खोली मोजा. 48 इंच गोलाईच्या टोकावर 5 इंची पोकळी क्षेत्रफळाने अकरा टक्केच असते. पण भोक गोल आणि काप सरळ, त्यामुळे तिच्याभोवती 6 बाय 6 इंचांचा चौकोन जातो, म्हणजे वीस टक्के. शिवाय तो पिवळसर तपकिरी गाभ्यातला. वजावट या वीस टक्क्यांची मागा, पोकळी जिथवर गेली आहे तेवढ्या लांबीपुरती.

गाभ्याभोवतीची पांढरी कड किती रुंद आहे तेही मोजा. ती कीड लवकर धरते, म्हणून चौकटीत ठेवू नये. कोवळ्या झाडाला गाभा कमी, कड जास्त. वलये रुंद म्हणजे लाकूड कमजोर, असा समज मात्र सागाला लागू नाही. केंद्र एका बाजूला सरकलेले असेल तर सावध राहा. असे झाड बहुधा कललेले असते आणि चिरताना फळी वाकते.

बांधावरच्या झाडात कुंपणाचे खिळे असू शकतात. साल वर आलेली किंवा काळा डाग दिसला तर मिलवाल्याला आधी सांगा. पात्याचे दात गेले की भरपाई तुमच्याकडूनच मागतात.

प्रश्न : झाड स्वतःच्या शेतातले असेल तर कागदपत्रे लागतात का?

उत्तर : लागतात. साग महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियम, 1964 च्या अनुसूचीत आहे. तोडीची परवानगी आणि वाहतूक परवाना पाहा. ओंडक्यावर ओळखीसाठी मारलेला हातोड्याचा ठसा आणि मापे कागदाशी जुळली पाहिजेत. कागद नसेल तर इसार देऊ नका.

प्रश्न : घेतल्यावर किती दिवसांत चिरावा?

उत्तर : लवकर. थांबावेच लागले तर टोकांना जाड रंग किंवा मेण लावा आणि ओंडका सावलीत, जमिनीपासून उचलून ठेवा. चिरलेल्या फळ्यांमध्ये दर दोन फुटांवर एक इंची पट्ट्या घाला. पट्ट्या वरपासून खालपर्यंत एका ओळीत हव्यात. मागेपुढे झाल्या की फळीला तिथेच बाक येतो.