उदो म्हणायला तोंड उघडेना

‘देवानं एवढ्या संकटातून काढलं, पण मनापासून हात जोडले जात नाहीत. मी कृतघ्न आहे का?’ कोजागिरी उलटली की समुपदेशक म्हणून माझ्याकडे हा प्रश्न हमखास येतो. कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरला भवानीच्या दर्शनासाठी पायी जाणाऱ्यांत नवस फेडणारे पुष्कळ असतात, आणि फेडून रिकाम्या मनानं परतणारेही.

त्यांतल्याच एक ताई. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलते. नवरा टॉवेलच्या कारखान्यात, स्वतः विड्या वळणाऱ्या. नवऱ्याच्या मेंदूत रक्तस्राव झाला, एकोणीस दिवस आयसीयूत होता, वाचला. ताई अनवाणी ४५ किलोमीटर चालून गेल्या.

“सगळे ‘आई राजा उदो उदो’ म्हणत होते, मॅडम. माझं तोंडच उघडेना.”

पहिल्या दोन भेटींत त्या स्वतःलाच बोल लावत राहिल्या. तिसऱ्यांदा मी देवीचा विषयच काढला नाही. विचारलं, “त्या एकोणीस दिवसांतली सगळ्यात वाईट रात्र कोणती?”

बऱ्याच वेळानं म्हणाल्या, “व्हरांड्यात माझ्या शेजारी एक बाई झोपायची. एका डब्यात जेवायचो आम्ही, भाकरी आन् शेंगाचटणी. तिचा मालक पहाटे गेला. तिनंबी भवानीलाच नवस बोलला होता.” मग अगदी हळू, “मी उदो म्हणलं, तर तिला काय म्हणायचं?”

मी गप्प राहिले. अशा वेळी गप्प बसणं मला फार उशिरा जमलं, पण आता जमतं. त्या पोटभर रडल्या.

भावनेला हात घालण्याआधी तिच्यामागचा विचार शोधावा, या मताची मी. ताईंच्या मनात हिशेब पक्का होता: माझं कुंकू राखलं म्हणजे तिचं नाकारलं. असा हिशेब असेल तर स्तुती घशात अडकणारच. मी एवढंच विचारलं, “आभार मानायला ‘तिला का नाही’ याचं उत्तर हातात असावंच लागतं का?” त्यांनी पदरानं डोळे पुसले, उत्तर दिलं नाही. मीही मागितलं नाही.

घरच्यांना माझं सांगणं असतं, माणूस दवाखान्यातून घरी आला की दुसऱ्याच दिवशी ‘आता हसा, देव पावला’ म्हणून मागे लागू नका. संकटात आवळून धरलेलं शरीर सैल व्हायला महिने जातात. आधी झोप, मग रडू, राग. देवावर रागवलात तरी चालेल. विठ्ठलाशी भांडणारी भक्ती आपल्याकडे जुनीच आहे. नवस फेडा, पण त्या दिवशी आनंद झालाच पाहिजे ही सक्ती नको. आणि शेजारच्या खाटेवरचं माणूस आठवत असेल, तर ती आठवण दडपू नका.

महिनाभरानं ताई आल्या. त्या बाईच्या गावी, तुळजापूर रोडला, साडी घेऊन गेल्या होत्या. दोघी दिवसभर बसल्या, भाकरी खाल्ली, रडल्या.

“येताना एसटी सोलापुरात रूपाभवानीच्या देवळापाशी आली, आन् निघालंच तोंडातून. उदो! एवढ्या मोठ्यानं, की कंडक्टर म्हणाला, मावशी, उतरायचंय का?”