मुलाला जुलाब होताहेत, घरच्या घरी मीठ-साखरेचं पाणी कसं करायचं?
ओआरएसचं पाकीट मिळालं तर तेच बरं. नाहीतर एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, चहाच्या चमच्याने (5 मिली) सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. शिगोशीग भरायचं नाही. पाणी अश्रूंपेक्षा खारट लागलं तर सरळ ओतून द्या, जास्त मीठ बाळाला घातक. गोडही वाढवू नका. जादा साखर आतड्यात पाणी ओढते नि जुलाब वाढतात. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर 50 ते 100 मिली, चमच्याचमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा सावकाश पाजा. अंगावरचं दूध चालूच. वरचं खाणाऱ्याला पेज, मऊ भात द्या, उपाशी ठेवणं चूकच. उरलेलं मीठ-साखरेचं पाणी 24 तासांनी फेका. शौचात रक्त, लघवी बंद किंवा मूल मलूल दिसलं, तर लगेच दवाखाना गाठा.