यूआरएलमधून मुख्य डोमेन कसं काढायचं? डॉटवर स्प्लिट करून शेवटचे दोन तुकडे घेतो, पण डॉट को डॉट इन आलं की रिपोर्ट बिघडतो

बिघडणारच, कारण नुसतं नाव बघून कुठे तोडायचं ते कळतच नाही, कितीही भारी रेजेक्स (अक्षरांचा नमुना शोधणारं सूत्र) लिहा. डॉट इनचंच बघा ना. 2005 पासून थेट डॉट इनवर नाव घेता येतं, पण को डॉट इन, एसी डॉट इन, गव्ह डॉट इन ही जुनी मंडळीही सुखाने चालू आहेत, म्हणजे अ‍ॅमेझॉन डॉट इनला शेवटचे दोन तुकडे बरोबर आणि सीएसई डॉट आयआयटीबी डॉट एसी डॉट इनला तीन. तिथे दोनच घेतले तर आयआयटी मुंबई आणि पुणे विद्यापीठ दोघंही रिपोर्टमध्ये "एसी डॉट इन" या एकाच ओळीत जाऊन बसतात. वडगाव बुद्रुक आणि आंबेगाव बुद्रुकमधला फक्त बुद्रुक ठेवल्यासारखं.

यावर सगळ्या जगाने शोधलेलं उत्तर म्हणजे चक्क एक टेक्स्ट फाइल. पब्लिक सफिक्स लिस्ट म्हणतात तिला (सफिक्स म्हणजे नावाचा तो शेवटचा भाग, ज्याच्याखाली लोक आपापली नावं घेतात), मोझिलाने सुरू केली, आता गिटहबवर स्वयंसेवक सांभाळतात आणि क्रोम, फायरफॉक्स सगळे तीच वापरतात. ब्राउझरला ती कुकीसाठी, म्हणजे साइट ब्राउझरमध्ये ठेवते त्या छोट्या नोंदीसाठी, लागते. ही यादी नसती तर कुठल्याही फालतू को डॉट इन साइटने अख्ख्या को डॉट इनवर कुकी टाकली असती आणि ती तुमच्या दुकानाच्या साइटलाही गेली असती.

फाइलमध्ये एका ओळीत एक नियम. होस्टनेम, म्हणजे यूआरएलमधलं साइटचं पूर्ण नाव, उजवीकडून जुळवत यायचं, सगळ्यात लांब जुळणारा नियम जिंकतो, आणि त्याच्या डावीकडचा एक तुकडा जोडला की तुमचं मुख्य डोमेन. वरच्या उदाहरणात "इन" पण जुळतं आणि "एसी डॉट इन" पण, लांब दुसरा, म्हणून उत्तर आयआयटीबी डॉट एसी डॉट इन. एवढंच असतं तर दहा ओळींत काम झालं असतं, पण कुक आयलंड्सचं डॉट सीके आहे, तिथे नियम आहे स्टार डॉट सीके, म्हणजे सीकेच्या आधी काहीही आलं तरी ते सफिक्सच, आणि लगेच खाली उद्गारचिन्ह लावून अपवाद, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू डॉट सीके, की हे मात्र साधं नाव समजा. म्हणून सांगतो, पार्सर, म्हणजे हे नियम लावून नाव तोडणारा कोड, स्वतः लिहू नका. पायथनला टीएलडीएक्स्ट्रॅक्ट ही तयार लायब्ररी आहे, जावाला ग्वावा, गो वाल्यांना त्यांच्याच एक्स/नेटमधल्या पब्लिकसफिक्स पॅकेजमध्ये मिळतं.

आता खरी मेख. यादीचे दोन भाग आहेत. एक आयकॅनचा (जगभरच्या डोमेन नावांचा कारभार बघणारी संस्था), म्हणजे डॉट कॉम, को डॉट इन वगैरे अधिकृत, आणि दुसरा प्रायव्हेट, ज्यात गिटहब डॉट आयओसारखी नावं आहेत, जिथे एकाच कंपनीच्या डोमेनखाली हजारो वेगवेगळ्या लोकांच्या साइट चालतात. (गिटहबने 2013 मध्ये लोकांची पेजेस गिटहब डॉट कॉमवरून डॉट आयओवर हलवली त्यामागे फिशिंग आणि हेच कुकीचं लफडं होतं.) टीएलडीएक्स्ट्रॅक्ट डिफॉल्टला प्रायव्हेट भाग धरत नाही आणि ग्वावाचं टॉप प्रायव्हेट डोमेन वालं फंक्शन धरतं, त्यामुळे तीच यूआरएल पायथनमध्ये "गिटहब डॉट आयओ" निघते आणि जावामध्ये पूर्ण "अमुक डॉट गिटहब डॉट आयओ", आणि मग दोन टीम आठवडाभर एकमेकांचे आकडे चुकीचे म्हणत बसतात. कुकी, लॉगिन, सुरक्षेचं काही असेल तर प्रायव्हेट धरायचाच. मालक कोण, डोमेन कुणाच्या नावावर असं बघायचं असेल तर फक्त आयकॅनचा.

लायब्ररीला देण्याआधी पोर्ट, पाथ काढून टाका, आयपी अ‍ॅड्रेस आला तर बाजूला ठेवा. डॉट भारतची नावं लॉगमध्ये देवनागरीत दिसत नाहीत, एक्सएन, दोन डॅश आणि पुढे एच2बीआरजे9सी अशी येतात, यादीत मात्र देवनागरीत आहेत, चांगली लायब्ररी हे जुळवून घेते पण एकदा टेस्ट लिहून बघाच. आणि ईमेल तपासायला सफिक्स दोन ते चार अक्षरांचं असा रेजेक्स अजून कुठे पडला असेल तर काढा, डॉट फोटोग्राफी अकरा अक्षरांचं आहे.

यादी जुनी होते हे लोक विसरतात. रिझर्व्ह बँकेने बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत बँक डॉट इनवर जायला सांगितलं होतं, आता तुमच्या सर्व्हरवर बँक डॉट इनचा नियम नसलेली जुनी फाइल पडून असेल तर सगळ्या बँका एकच साइट म्हणून मोजल्या जातील. ग्वावात यादी जारमध्येच (लायब्ररीच्या फाइलमध्येच) भरलेली असते, म्हणजे व्हर्जन वाढवल्याशिवाय नवी येत नाही. टीएलडीएक्स्ट्रॅक्ट पहिल्यांदा चालवताना नेटवरून ओढायला बघतो आणि नेट बंद असेल तर काम न थांबवता पॅकेजसोबत आलेली जुनी प्रत वापरतो, फायरवॉलमागे हे हमखास होतं. तुमच्या रिपोर्टपुरतं म्हणाल तर टीएलडीएक्स्ट्रॅक्ट, प्रायव्हेट भाग चालू करून, आणि यादी महिन्यातून एकदा क्रॉनने (ठरल्या वेळी आपोआप काम चालवणारी सोय) ताजी करा.