लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलची पडद्यामागची सफर घेण्यासारखी आहे का?

घ्याच. तुम्ही विचारलंय की सोलापूरहून मुलाकडे लंडनला चाललोय, हॉलसाठी एकच दिवस आहे, तर ही सफर करावी की ते पैसे कार्यक्रमाच्या तिकिटाला ठेवावेत. मी 22 वर्षं सोलापुरात साउंडचं काम करतोय. मुलीकडे गेलो तेव्हा एकाच दिवशी दोन्ही केलं, सकाळी सफर आणि रात्री कार्यक्रम. सकाळचं बघितलं होतं म्हणून रात्रीचं नीट ऐकता आलं.

बुकिंग करताना एक बघा. साध्या सफरीत प्रेक्षागृह, राजघराण्याचा बॉक्स वगैरे दाखवतात. रंगमंचामागचा भाग बघायचा तर त्याची सफर वेगळी असते आणि ती रोज नसते. तारीख आधी धरून ठेवा.

आत गेल्यावर पहिल्यांदा मान वर करा. घुमटाखाली मोठमोठ्या थाळ्यांसारख्या तबकड्या टांगलेल्या दिसतील. तिथले लोक त्यांना मशरूम म्हणतात. माझी अर्धी सफर त्यांच्याकडे बघण्यातच गेली. 1871 साली हॉल उघडला त्या समारंभातच भाषणाचा आवाज घुमटावर आपटून परत येत होता. छत सुमारे 41 मीटर उंच. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणजे वर जाऊन खाली यायला त्याला जवळजवळ पाव सेकंद लागतो. सेकंदाच्या विसाव्या भागाहून जास्त अंतर पडलं की मोकळा, तुटक आवाज कानाला दोनदा ऐकू येऊ लागतो. तबल्याच्या भाषेत सांगतो : द्रुत तीनतालात, मिनिटाला 240 मात्रा चालल्या असतील, तर पाव सेकंद म्हणजे अख्खी एक मात्रा. समेवरची थाप छतावरून पुढच्या मात्रेवर येऊन पडणार. वादकानं काय करायचं?

आधी त्यांनी घुमटाखाली कापडाचं छत ताणून बघितलं. 1949 साली ते काढून ॲल्युमिनियमचे पत्रे बसवले. तरी पुरतं जमेना, म्हणून 1969 मध्ये फायबरग्लासच्या या तबकड्या टांगल्या. वर जाणारा आवाज त्या अडवतात आणि विखुरतात. पुढे मोजमाप करून काही काढल्या, आता 85 आहेत. जवळजवळ 100 वर्षं एका दोषाच्या मागे लागलेली ही माणसं मला फार मोठी वाटली. लता मंगेशकर 1974 मध्ये इथे गायल्या, तेव्हा त्यांच्या डोक्यावर या तबकड्या होत्या. खाली उभं राहून हे मनात आलं आणि मला थोडा वेळ बोलता येईना.

आमच्याकडे अडचण उलटी असते. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या दिवसांत सोलापूरच्या उघड्या होम मैदानावर माईक लावा, आवाज जातो तो जातोच. परत आणायला भिंत नाही, छत नाही. म्हणूनच उघड्यावर काम केलेल्या माणसाला तो घुमट जास्त कळतो.

मेकअप रूम वगैरे बघून घ्या, त्यात वेगळं काही नाही. आरसे, दिवे, खुर्च्या सगळीकडे सारख्याच. ऑर्गनच्या, म्हणजे नळ्यांत हवा सोडून वाजवायच्या अवाढव्य वाद्याच्या मात्र जवळ जा, त्याला 9,999 नळ्या आहेत. आणि सामान कुठून येतं ते जरूर विचारा. 1996 ते 2004 या काळात त्यांनी इमारतीत मोठं काम केलं आणि दक्षिणेकडच्या पायऱ्यांखाली जमीन खोदून माल उतरवायची जागा केली. गाड्यांची गर्दी रस्त्यावर नको म्हणून एवढं खोदकाम! स्पीकरची पेटी पाठीवर घेऊन जिना चढलेल्या माणसाला विचारा याची किंमत.

जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत जाणार असाल तर प्रॉम्स हा पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचा महोत्सव चालू असतो. आधी तो लंडनच्याच क्वीन्स हॉलमध्ये व्हायचा. 1941 साली तो हॉल बाँबहल्ल्यात गेला, तेव्हापासून प्रॉम्स इथे होतात. उभं राहून ऐकायची तिकिटं स्वस्त असतात. गुडघे साथ देत असतील तर तीच काढा.

आता निघायच्या आधीचं एक काम. आपल्या सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहात नाटक असेल त्या दिवशी दुपारीच जा. व्यवस्थापकांना विचारा, बॅकस्टेजवाल्यांना नमस्कार करा आणि कुणाच्या पायात येणार नाही असे विंगेत उभे राहा. ट्रकमधून नेपथ्य कसं उतरतं, लाइट कसे बांधतात, तिसऱ्या घंटेपर्यंत किती हात लागतात ते बघा. मग रिकाम्या प्रेक्षागृहात शेवटच्या रांगेत जाऊन एकच टाळी वाजवा आणि ती किती वेळ टिकते ते लक्षात ठेवा. लंडनला गाइडची परवानगी घेऊन तशीच एक टाळी वाजवा, डोळे मिटून.