डॉक्टरबाई, दार जरा लोटाल का?

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या आरोग्य केंद्रात डॉक्टर म्हणून मी काढलेल्या वर्षांवर गेल्या वेळी लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांतली चार आज घेते.

प्रश्न: तीन महिने अंगावर पांढरं जातंय, खाजही आहे. केंद्रात डॉक्टरबाई आहेत, पण केसपेपरच्या खिडकीतच ‘काय होतंय?’ विचारतात आणि मागे आमच्याच वाड्यावरच्या बायका उभ्या. दोनदा तशीच परत आले.

ताई, खिडकीत दुखणं सांगायची गरज नाही. ‘डॉक्टरबाईंनाच सांगेन’ एवढं म्हणा. आत तिसरं कुणी असेल तर दार लोटायला सांगा. तुम्ही सांगितलेलं गुप्त ठेवणं आम्हाला बंधनकारक आहे, सासूबाई येऊन विचारू लागल्या तरीही.

पाळीच्या मधल्या दिवसांत पारदर्शक, चिकट असं थोडं जातं, ते नैसर्गिक. खाज, घाण वास, दह्यासारखं घट्ट किंवा हिरवट जाणं, ओटीपोटात दुखणं यांपैकी काही असेल तर तपासणी हवी. बहुतेकदा थोड्या दिवसांच्या औषधानं आराम पडतो. काही प्रकारांत नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं, नाहीतर दुखणं परत येतं. पुन्हा पुन्हा खाज सुटत असेल तर रक्तातली साखर बघून घ्या. आतून साबणानं किंवा जंतुनाशकानं धुऊ नका. संबंधानंतर रक्त दिसलं, किंवा पाळी कायमची गेल्यावर पुन्हा तांबडं गेलं, तर एक आठवडाही थांबू नका. गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी करून घ्या.

माझ्या पहिल्या केंद्रात तपासणीच्या खोलीला दार नव्हतं, नुसता पडदा. वर्षभर बायका येत आणि ‘कंबर दुखते’ एवढंच सांगत. दार बसलं आणि त्याच बायका खरं दुखणं सांगू लागल्या. लेडी डॉक्टर नेमली की झालं, असं वरिष्ठांना वाटतं. मला तेव्हापासून तसं वाटत नाही.

प्रश्न: मुलगी एमबीबीएस झाली, आता गावातल्या केंद्रावर जायचं म्हणते. आम्ही म्हापशाचे. एकटीला पाठवू का?

पाठवा. इंटर्न असताना मांडूरच्या ग्रामीण केंद्रात गेली असेल तर थोडी कल्पना तिला आहेच. पण रुजू होण्याआधी तिनं स्वतः जाऊन बघावं. क्वार्टरला आतून भक्कम कडी आहे का, पाणी येतं का, रात्री बोलावणं आलं तर सोबत कोण आणि गाडी कुणाची? दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असलीच पाहिजे, हा 2013 चा कायदा आहे. समितीत कोण आहे हे पहिल्याच दिवशी विचारावं, त्यात संकोच नको. एएनएम बाई (केंद्राच्या गावोगाव फिरणाऱ्या परिचारिका) आणि अंगणवाडीताईंशी मैत्री करावी. कुठल्या घरात कोण गरोदर आहे, हे त्यांना आधी कळतं. आणि कोकणी नीट बोलावी. ‘अंगावरून जातंय’ म्हणजे पांढरं की तांबडं, हे विचारायला भाषा घरचीच लागते.

प्रश्न: केंद्रात लेडी डॉक्टर असताना सुनेला बाळंतपणासाठी आझिलोत, म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात, का धाडलं?

आजी, डॉक्टरीण कमी पडली म्हणून नव्हे. आधीचं सिझेरियन, वाढलेला रक्तदाब, जुळं असं काही असेल तर भूलतज्ज्ञ, रक्त आणि बाळाचे डॉक्टर एकाच छपराखाली लागतात. रक्तस्राव सुरू झाल्यावर सत्तरीतल्या वाळपईहून बांबोळीचं मोठं सरकारी इस्पितळ गाठायचं म्हणजे तासभर तरी जातो. वेळेत धाडलं, हे चांगलंच केलं.

प्रश्न: बायको काजूच्या बागेत जाते. चार दिवस ताप आहे, पण बोंडू गोळा करायचे राहतील म्हणून इस्पितळात येत नाही. दुकानातली गोळी देऊ?

दादा, आजच घेऊन जा. 2015 पासून सत्तरीत माकडताप आढळला आहे. तो गोचिडी चावून होतो आणि त्याचा हंगाम नेमका काजूचाच. अचानक जोराचा ताप, डोकं आणि अंग ठणकणं, गळून जाणं ही लक्षणं. अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन देऊ नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो. हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त आलं तर लगेच 108 ला फोन करा. ताप उतरून आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा चढू शकतो, म्हणून बरं वाटताच तिला बागेत धाडू नका. तोवर बोंडू तुम्ही गोळा करा. आणि डॉक्टरबाईंना ती रानात जाते हे आधी सांगा. कुठे माकड मेलेलं दिसलं असेल तर तेही.