साक्षगंधाच्या जेवणासाठी अंगणात गॅसभट्टीवर तळण करायचे आहे. कोणती काळजी घ्यावी?

आपण लिहिले आहे की वैशाखात घरीच साक्षगंध आहे, दीड-दोनशे पाने होतील, वडे, सांबारवडी (सांबार म्हणजे कोथिंबीर) आणि पुऱ्या भाड्याच्या गॅसभट्टीवर अंगणातच तळायच्या आहेत, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना आगीची धास्ती वाटते. त्यांची धास्ती रास्त आहे. वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यांमध्ये लग्नकार्यांचे तळण मी बरीच वर्षे सांभाळत आलो आहे आणि माझे ठाम मत असे आहे की तळणातले बहुतेक अपघात भट्टी पेटवण्यापूर्वीच, म्हणजे जागा, कढई आणि माणसे ठरवतानाच टाळता येतात.

भट्टी मांडवाखाली कदापि मांडू नये. सावलीसाठी आपण हिरवी जाळी, ताडपत्री किंवा कापडी कनाती बांधतो, वैशाखात ते सगळे कोरडे ठणठणीत असते, आणि कढईतले तेल पेटले तर ज्वाळा तिथपर्यंत सहज पोहोचते. पऱ्हाट्यांची गंजी, कुटाराचा ढीग आणि गुरांचा गोठा यांपासूनही दूर, उघड्या आकाशाखाली, सपाट आणि टणक जमिनीवर भट्टी ठेवावी. तिच्या पायांखाली विटांचे तुकडे सरकवून ती समतल करू नये, जमीनच उकरून सारखी करावी. दुपारचा उष्ण वारा आच हलवतो आणि विझवतोही, म्हणून वडे आणि सांबारवडी पहाटेच तळून घ्यावी आणि पंगतीच्या वेळेसाठी फक्त पुऱ्या ठेवाव्यात. वाऱ्याने आच विझली तर गॅस बंद करून काही मिनिटे थांबावे आणि मगच काडी ओढावी.

घरच्या शेगडीचा रेग्युलेटर आणि नारिंगी नळी कमी दाबासाठी असतात, त्या मोठ्या भट्टीला जोडू नयेत. १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर आणि त्यासोबतचा जास्त दाबाचा रेग्युलेटर व नळी गॅसवाल्याकडूनच घ्यावी, आणि प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे. सिलिंडर भट्टीपासून निदान दहा फुटांवर, उभा आणि सावलीत असावा. हा वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाली तर तो खड्ड्यात, नालीत किंवा विहिरीच्या कठड्याजवळ साचून राहतो, म्हणून अशा जागा टाळाव्यात. आणखी एक गोष्ट मला फार काळजीची वाटते. मोठ्या आचेवर गॅस झपाट्याने खर्च होऊ लागला की सिलिंडर गार पडतो, त्यावर दव धरते आणि आच मंदावते. अशा वेळी पुष्कळ ठिकाणी सिलिंडर आडवा करतात किंवा गरम पाण्याच्या टबात ठेवतात. आडव्या सिलिंडरमधून वायूऐवजी द्रवरूप गॅस नळीत उतरतो आणि बर्नरवर एकाएकी भडका उडतो. आच मंदावली की दुसरा सिलिंडर लावावा, हाच त्यावरचा उपाय आहे.

कढई निम्म्यापेक्षा जास्त भरू नये, कारण घाणा टाकताच तेल वर चढते, आणि पूर्वी वापरलेले तेल तर फेसाळून काठाबाहेर येते. तेल सांडून बर्नरवर गेले की आग लागलीच म्हणून समजावे. तळणाला साधारण १७० ते १९० अंश सेल्सियस तापमान पुरते. पिठाची गोळी टाकून ती लगेच वर आली की आच कमी करावी. तेलातून धूर निघू लागला तर गॅस ताबडतोब बंद करावा, कारण त्यापुढे ते तापत राहिले तर काडी न लावताही पेटते.

खरा धोका मात्र पाण्याचा आहे. पाण्याची वाफ झाली की ते सुमारे १७०० पट जागा व्यापते, म्हणून तेलाच्या तळाशी गेलेले चमचाभर पाणीही उकळते तेल बाहेर फेकते. सांबारवडीत ही गोष्ट नेमकी दिसते. सांबार धुऊन लगेच चिरले तर सारणाला पाणी सुटते, पारी ओलसर होते, कडेचा जोड उकलतो आणि वडी तेलात फुटते. म्हणून सांबार आदल्या रात्रीच धुऊन कपड्यावर पसरून ठेवावे आणि वडीची कड नीट दाबून बंद करावी. वड्यांसोबत द्यायच्या हिरव्या मिरच्या कोरड्या पुसून त्यांना उभी चीर द्यावी, अख्खी मिरची तेलात फटाक्यासारखी फुटते. वडा थापताना हात ओला लागतोच, पण ते पाणी झटकून, वडा कढईच्या कडेने अलगद सोडावा, आणि पाण्याचे भांडे कढईच्या काठाशी कधीही ठेवू नये.

भट्टीपाशी तळणारा एक आणि त्याला घाणा पुरवणारा एक, इतकीच माणसे असावीत. दोघांनी सुती कपडे आणि बंद जोडे घालावेत, बाईने पदर खोचावा, माणसाने खांद्यावरचा दुपट्टा काढून ठेवावा. मुले जवळ येऊ नयेत म्हणून चारी बाजूंनी दोरी बांधावी.

भट्टी पेटवण्यापूर्वीच कढईच्या तोंडापेक्षा मोठी लोखंडी परात हाताशी ठेवावी. तेल पेटले तर प्रथम सिलिंडरवरून गॅस बंद करावा, परात ढालीसारखी समोर धरून आपल्या बाजूने कढईवर सरकवावी आणि तेल पूर्ण निवेपर्यंत उचलू नये. पाणी टाकू नये, पेटती कढई उचलू नये. गॅसवाले प्रात्यक्षिकात सिलिंडरवर ओले गोणपाट टाकून दाखवतात, ते सिलिंडरपुरतेच ठीक आहे. तेच गोणपाट कढईवर टाकले तर त्यातले पाणी तेलात गळते. सांडलेल्या जळत्या तेलासाठी कोरडी रेती घमेल्यात भरून ठेवावी. गॅस गळतीसाठी १९०६ आणि अग्निशमनासाठी १०१ हे क्रमांक सर्वांना माहीत असावेत, पण खेड्यात बंब पोहोचायला वेळ लागतो, हे धरूनच तयारी करावी.

तळण संपल्यावरही कढई जागेवरच राहू द्यावी. १५-२० लिटर तेल निवायला काही तास लागतात, आणि पंगत वाढण्याच्या धांदलीत कोपऱ्यात उतरवून ठेवलेल्या कढईतच लहान मुले पडतात. तिथे एक माणूस बसवून ठेवणे मला आवश्यक वाटते. कोणाला भाजलेच तर अंगठ्या-बांगड्या लगेच काढाव्यात, भाजलेला भाग २० मिनिटे साध्या वाहत्या पाण्याखाली धरावा, त्यावर हळद, टूथपेस्ट, शाई किंवा बर्फ लावू नये, फोड फोडू नयेत. चेहरा, हात किंवा मोठा भाग भाजला असेल तर स्वच्छ कोरड्या कपड्याने झाकून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.